सात नंबरचा पाय

बुटांच्या दुकानात एकतीस वर्षं काढली की माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत. माझ्या वहीत गिऱ्हाइकांची नावं नाहीत, पाय आहेत. 'दंतवैद्य: डावा पाय उजव्यापेक्षा मोठा, मान्य करत नाहीत.' 'बँकेतल्या बाई: मागतात पाच, लागतो सहा. सहाच द्यावा, खोक्यावरचा आकडा दाखवू नये.' अशा चारशेच्या वर नोंदी.

यंदा माल वाढला, खोकी छताला टेकली आणि दुकानात शिडी आली. मालक सगळ्यांना म्हणाले, "दोन महिने बघतो. ज्याला चढता येईल तो काउंटरवर, बाकीच्यांनी घरी आराम करावा." म्हणाले सगळ्यांना, बघत होते माझ्याकडे. सकाळी पलंगावरून उतरलो की माझ्या टाचेत खिळा ठोकल्यासारखी कळ यायची. न्हाणीघरापर्यंत भिंत धरून जायचो. शिडी लांबच राहिली.

बायकोने फिजिओथेरपिस्ट बाईंकडे धाडलं. त्यांनी बूट-मोजे काढायला लावून पाय बराच वेळ न्याहाळला.

"किती नंबर घालता?"

"सात."

"मोजला कोणी?"

"अहो बाई, एकतीस वर्षं मी हेच..." मोजला कोणीच नव्हता. नोकरीच्या पहिल्या दिवशी जुन्या सेल्समनने शिल्लक पडलेला सात नंबरचा जोड हातात कोंबला होता. "घाल, चामडं सैल होतं." तेव्हापासून दर वेळी सातच. चामडं काही सैल झालं नाही, बोटं मात्र समजूतदारपणे एकमेकांवर चढून बसली.

त्या संध्याकाळी पाय मोजायची पट्टी घरी आणली.

"सरळ उभे राहा," बायको जमिनीवर बसून म्हणाली. "पोट कशाला आत ओढताय? पोट नाही मोजत मी."

"किती?"

"नऊ."

"नीट बघ."

"अजून नीट बघितलं तर दहा होईल."

बाईंनी सांगितलं होतं ते सोपं होतं. घरात अनवाणी राहायचं, बागेतल्या गवतावर रोज दहा मिनिटं चालायचं, आठवड्याआठवड्याने वाढवायचं. मी पहिल्याच दिवशी अनवाणी पाव आणायला गेलो आणि लांबच्या रस्त्याने परतलो. पुढचे दोन दिवस पोटऱ्या अशा धरल्या की जिना उलटा उतरावा लागला.

"गिऱ्हाइकाने एक मोजा मागितला की तुम्ही तीन जोड बांधून देता," बायको म्हणाली, "पायांशीही तेच केलंत ना?"

मग मात्र दहा म्हणजे दहा. हळूहळू पायांना काहीबाही कळायला लागलं. स्वयंपाकघरातली एक फरशी बाकीच्यांपेक्षा थंड आहे, खोलीचा उंबरा मधोमध झिजलाय. बारा वर्षं या घरात राहतोय, कळलं आता. करंगळी मी शोभेची समजत होतो, तीही जमिनीवर टेकायला लागली. दीड महिन्यात सकाळची भिंत सुटली.

दुकानात काय घालायचं हा प्रश्न उरला. आमच्याकडे सगळा माल जाड टाचेचा, चिंचोळ्या टोकाचा. पातळ तळाचे, पुढून रुंद बूट मिळत समोरच्या दुकानात. गेलो एकदाचा, मान खाली घालून. तिथल्या सेल्समनने लगेच ओळखलं.

"भाऊ, तुम्ही? आमच्याकडे? पाय मोजू?"

"मोजलाय," मी म्हणालो. "नऊ दे, आणि ओरडू नकोस."

काळे होते म्हणून आठवडाभर खपून गेले. मग एका दुपारी गिऱ्हाइकाला तपकिरी आठ नंबर हवा झाला. तो नेमका वरच्या एका फळीवर. आमचा पोरगेला सहकारी, ज्याला उंचीमुळे आम्ही 'लेस' म्हणतो, जेवायला गेलेला. मालकांनी माझ्याकडे बघितलं, मग शिडीकडे.

मी शिडीपाशी गेलो आणि घरातल्या सवयीने बूट काढले. विचार केला असता तर काढले नसते. पायरीची गोल कड चवड्याखाली आली, बोटं पसरली, तिला धरून बसली. चौथी, सातवी, नववी पायरी. टाच गप्प होती.

खोकं काढून खाली बघितलं तर माझा एक बूट मालकांच्या हातात. आत समोरच्या दुकानाचा शिक्का. त्यांनी तो शांतपणे वाचला. मग बुटाची एका हाताने पोळीसारखी घडी घातली, सोडली, परत घातली.

"याला तळ आहे की नाही?"

"आहे. थोडा आहे."

"आणि टाच?"

"टाच माझी आहे," मी वरूनच म्हणालो.

गिऱ्हाईक हसलं. मालक हसले नाहीत. त्यांनी बूट होता तिथे ठेवला, दुसऱ्याला जोडून, टोकं बाहेरच्या बाजूला करून.

"वर आहात तोवर काळा आठही घेऊन या," ते म्हणाले. "यांना दोन्ही दाखवू."

काळा आठ आणखी दोन पायऱ्या वर होता.