चौथ्या गटाचे उंदीर

"रोहिदास, पुन्हा वजन घे," विजयश्री मॅडम म्हणाल्या.

घेतलं. आकडा तोच. चौथ्या गटातल्या सहाही उंदरांच्या पुरुषग्रंथी वाढल्याच नव्हत्या.

तळवड्याच्या या प्रयोगशाळेत बारा वर्षं मी हेच करतोय. नर उंदरांना आधी खच्ची करायचं, मग रोज पुरुषी हार्मोनचं इंजेक्शन द्यायचं आणि सोबत कुठल्या तरी कंपनीचं रसायन नळीनं पाजायचं. दहा दिवसांनी प्रोस्टेटसारख्या या ग्रंथी काढून तोलायच्या. वाढल्या नसतील, तर ते रसायन हार्मोनला आडवं येतंय. डब्यावर नाव नसतं, नुसता नंबर. पण या पिवळ्या पावडरीचा सडक्या लसणाचा वास मी डबा उघडल्याबरोबर ओळखला होता. माझा धाकटा भाऊ नवनाथ चाकणला कारखान्यात असलीच पावडर पोत्यांत भरतो. सहा वर्षं आमच्या घराला तोच वास आहे. त्याच्या लग्नालाही सहाच वर्षं झालीत. पाळणा हललेला नाही, आणि वांझ हा शब्द त्याची बायको पूनम रोज जेवणाबरोबर गिळते.

मी मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी डब्याचं झाकण घट्ट लावलं.

"वासावरून काही सिद्ध होत नाही रे. आणि बाहेर बोललास तर नोकरी जाईल. गुप्ततेच्या कागदावर सही केलीयेस तू."

घरी आलो, तर आईनं पूनमची बॅग दारात आणून ठेवलेली. तिला कायमची माहेरी धाडायचं ठरलं होतं. नवनाथसाठी दुसरी पोरगीही बघून झाली होती.

"आई, आधी नवनाथला तपासून घ्या," मी म्हणालो.

"माझ्या ल्योकात खोट न्हाई. तुला कुणी सांगितलं रं?"

नवनाथ माझ्याकडं बघत होता. पूनमही. एका वाक्याचं काम होतं. माझ्या डोळ्यांपुढं माझी नोकरी आली, सृष्टीची, माझ्या लेकीची बारावी आली.

"कुणी न्हाई," मी म्हणालो. थू माझ्या जिनगानीवर.

तिला स्टँडवर सोडायलाही मीच गेलो. बसमध्ये चढता चढता ती वळली.

"दादा, ह्यांचे कपडे घरच्या कपड्यांत भिजवू देऊ नका. सृष्टीच्या तर नकोच. त्यो वास काय चांगला न्हाई."

मी मान हलवली.

घरी परतलो, तेव्हा दोरीच्या टोकाला, बाकी कपड्यांपासून लांब, नवनाथचा युनिफॉर्म वाळत होता. पूनम सकाळीच तो वेगळा धुऊन गेली होती.