तिठ्यावर मिळालेलं नाव

त्या दिवशी मायलेकी ओसरीवर उन्हाला बसून तुरट पर्सिमनची फळं सोलत होत्या. साल काढायची, देठाला दोरी बांधायची, उकळत्या पाण्यातून काढून वळचणीला वाळत टांगायची. दर हिवाळ्याआधी लेक मिसाओ एवढ्यासाठी मात्सुए शहरातून गावी येई. आई नव्वदीला टेकलेली, पण सुरी लेकीपेक्षा भरभर चाले.

"काल दवाखान्यातली नवी पोर माझं नाव पुकारताना अडखळली," आई म्हणाली. "मी म्हटलं, लाजू नकोस बाई, बरोबर वाचलंस. टाकलेलीच आहे मी."

आईचं नाव सुते. सुते म्हणजे टाकून दिलेली, लिहायच्या अक्षराचाच अर्थ तो. शाळेत पोरं मिसाओला त्यावरून चिडवत, आणि घरी येऊन ती आईला काही विचारत नसे. पुढे वाचनालयात नोकरी केली, जगभरचं वाचलं. पण उत्तर काय येईल या धास्तीनं हा एक प्रश्न तिनं गिळून टाकला होता. आज आईनंच विषय काढला.

"आजोबांना तू नको होतीस का?"

सुरी थांबली. "कोण म्हणालं?"

"नावच तसं आहे."

"एवढी पुस्तकं वाचलीस, केस पिकले, आणि मनात हे धरून बसलीस?" आई हसली. "अगं, मी जन्मले तेव्हा बाबांना बेचाळिसावं लागलेलं. पुरुषाचं ते वर्ष वाईट, त्या वर्षीचं मूल हाती लागत नाही म्हणत. माझ्या आधीची दोघं गेलेलीच. म्हणून मला सुपात घालून तिठ्यावर ठेवलं. शेजारची तोकु मावशी ठरल्याप्रमाणे झाडामागे उभी. तिनं उचलायचं, आमच्याच दारात येऊन म्हणायचं, 'मूल सापडलंय, सांभाळता का?' आणि बाबांनी घ्यायचं. मग मी त्यांची नाही, नुसती सापडलेली. मला न्यायला मरण कशाला येईल?"

"आणि नाव?"

"ते पहाऱ्याला, जन्मभर." आईनं सुरीचं टोक हलवलं. "पण बाबांना जमेना. मला ठेवलं आणि चार पावलांवरून परत फिरले. सूप उचलायला वाकले, तशी मावशी झाडामागून ओरडली, 'अहो, जा ना घरी! टाकायचं तर नीट टाका!'"

दोघी हसल्या. हसू ओसरल्यावर मिसाओला काहीतरी म्हणायचं होतं, पण चहाची वेळ झाली होती, ती साली गोळा करून आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई उठली नाही.

दुपारी हिरोशिमाहून मोठा भाऊ तेत्सुरो आला. देवळातल्या गुरुजींनी आईच्या उशाशी बसून पाठ म्हटला, आणि मग मरणानंतरच्या नावाचा विषय काढला. थडग्यावर तेच नाव कोरतात.

"जिवंतपणीच्या नावातलं अक्षर त्यात घ्यायची रीत आहे," गुरुजी म्हणाले. "घेऊ ना?"

"नको," तेत्सुरो म्हणाला. "काहीतरी चांगलं द्या, गुरुजी. फुलाचं, चंद्राचं. जन्मभर वागवलं तिनं ते. निदान दगडावर तरी 'टाकलेली' नको."

"दादा, ते अक्षर राहू दे."

"तू म्हणतेस? शाळेतून रडत कोण यायचं?"

"मीच. आपण दोघंही चुकीचं समजून होतो."

मग तिनं सांगितलं. सूप, तिठा, झाडामागची मावशी. चार पावलांवरून परत फिरलेले आजोबा. मावशीच्या ओरडण्याला तेत्सुरो खळखळून हसला, आणि हसता हसता त्यानं चष्मा काढून बाजूला ठेवला.

"मला कधी बोलली नाही ती."

"आपण विचारलं कधी?"

तेत्सुरोनं चष्मा पुसून परत घातला. मग गुरुजींना म्हणाला, "घ्या ते अक्षर. अगदी सुरुवातीलाच घ्या."

गावातली माणसं अंगणात जमू लागली होती. तेत्सुरो आणि गुरुजी त्यांना भेटायला बाहेर गेले. मिसाओ आईजवळ बसून राहिली. आईच्या तोंडावरचं पांढरं फडकं जरा तिरकं झालं होतं, ते तिनं सरळ केलं. आईला नावानं हाक मारायची पद्धत नाही. तिनंही ती कधी मारली नव्हती.

"सुते," ती म्हणाली. मग थोडं थांबून, बाहेर ऐकू गेलं तरी चालेल अशा आवाजात, "आई, तू मला हवी होतीस. लहानपणी, परवा, कालसुद्धा. अजून हवी आहेस."