कोऱ्या पट्टीवरचं टेंगूळ

पाटकर सर माणूस वाईट नव्हते, म्हणूनच त्यांचा जास्त राग यायचा.

पंच्याऐंशी साली अंधेरीच्या प्रयोगशाळेत मी आणि वनमाला त्यांच्या हाताखाली पीएचडी करत होतो. काचेच्या पट्टीवर दोन धातूंच्या मध्ये एका रेणूच्या जाडीचा थर ठेवायचा आणि त्यातून वीज सोडायची, हे आमचं काम. रेणूतले अणू सतत थरथरत असतात. पलीकडे जाणारा इलेक्ट्रॉन त्या थरथरीला थोडी ऊर्जा देऊ शकला, की त्याला आणखी एक वाट मिळते आणि प्रवाह किंचित वाढतो. आलेखावर तिथे टेंगूळ येतं. प्रत्येक रेणूच्या टेंगळांच्या जागा ठरलेल्या. पण हे दिसतं फक्त द्रव हीलियमच्या थंडीत, आणि हीलियम आमच्याकडे सणासारखं कधीतरी यायचं.

वनमालाच्या कोऱ्या पट्टीच्या, म्हणजे जिच्यावर रेणूंचा थर ठेवलाच नव्हता तिच्या, आलेखावरही टेंगूळ आलं. पुढच्या खेपेलाही आलं. म्हणजे कुठून तरी घाण लागत होती.

सर म्हणाले, "घरी मासळी साफ करून येतेस ना? यापुढे पट्ट्या कुंदा करेल. तू गणितं कर."

कुंदा म्हणजे मी. वनमाला वेसाव्याच्या कोळीवाड्यातली, तिची आई बाजारात मासळी विकायची. पोरीने आधीच साबणाने हात घासून सोलवटून घेतले होते. पट्ट्या गेल्या म्हणजे तिचा प्रबंधच गेला. माझं डोकं फिरलं.

"तू भांडत का नाहीस गं?"

"भांडून टेंगूळ जाणारेय का?" ती म्हणाली आणि सरांकडे वळली. "सर, एकदाच मला करू द्या. पण आरती न करता."

हीलियम आलं की सर यंत्रापुढे कापूर लावून आरती करत. एकदा हीलियमचं काचेचं भांडं फुटून त्यांच्या मित्राचा डोळा गेला होता, तेव्हापासून. नेमक्या त्याच वेळी पट्ट्या उघड्या असत, म्हणजे कापराची वाफ त्यांच्यावर बसत असणार. आम्हा शहाण्यांना हे सुचलंच नव्हतं!

सरांचा चेहरा उतरला, पण त्यांनी काडेपेटी खिशात ठेवली. प्रयोग संपेपर्यंत ते घाबरून भिंतीला टेकून उभे होते. मला त्यांची कीव आली.

आलेखावर त्या जागी काहीच उमटलं नाही.

"चूक माझी," सर म्हणाले. "पट्ट्या तूच कर."

"करीन सर. पण कुंदाच्या पट्टीवर हे आलं असतं, तर तिच्या घरी काय शिजतं ते विचारलं असतंत?"

सरांनी खिशातली काडेपेटी काढून टेबलावर ठेवली.

"नाही," ते म्हणाले.