शेवटच्या ठोशाचा आवाज

तायक्वांदोच्या पहिल्या पुमसेत, म्हणजे ठरलेल्या क्रमानं करायच्या कवायतीत, अठरा हालचाली असतात आणि शेवटच्या ठोशाबरोबर पोटातून ओरडायचं असतं. पिवळ्या पट्ट्याच्या परीक्षेत माझ्या क्लासातल्या चिमुरडीनं, आमच्या लाडक्या खारूताईनं, सगळ्या हालचाली अचूक केल्या. शेवटचा ठोसा मात्र तिनं ओठ घट्ट मिटून मारला.

"आवाज कुठंय?" परीक्षक म्हणाले. "पुन्हा कर."

दुसऱ्यांदाही तसंच झालं. परीक्षकांनी तिच्या नावापुढे फुली मारली.

"घरी रोज तासभर करते हो," तिची आई मला म्हणाली. "पण तिचे बाबा रात्रपाळी करून दिवसा झोपतात. मागं एकदा ही ओरडली, तर त्यांनी हात उचलला."

रोज घरी सराव कर, असं मीच तिला बजावलं होतं.

हॉल रिकामा होऊन आम्ही तिघंच उरल्यावर मी तिच्यासमोर खाली बसलो. "इथं कुणी झोपलेलं नाही, बाळा. आता ओरड."

तिनं मूठ वळली, तोंड उघडलं आणि आधी दाराकडे पाहिलं.

"सरआजोबा, तुम्हीच ओरडा ना," ती हळूच म्हणाली. "मी नुसता ठोसा मारते."

मी ओरडलो. ती दचकून आईच्या मागे लपली.