मागच्या दाराची रांग

कपिलची थोरली मुलगी अरुणा लग्न होऊन मॉन्ट्रियलला गेली, ते साल २००८. त्याच वर्षीच्या भीमजयंतीची ही गोष्ट. अरुणा गेल्यावर घरात तिची धाकटी बहीण धम्मप्रिया, आईवडील आणि नागपूरकडून आलेले आजी-आजोबा एवढी माणसं उरली.

घर ऑन्टारिओतल्या लंडन शहरात होतं आणि धम्मप्रिया तिथंच बिझनेसच्या तिसऱ्या वर्षात शिकत होती. ऑपरेशन्स मॅनेजमेंट हा तिचा आवडता विषय. कारखान्यात, दवाखान्यात, बँकेत काम कुठं अडतं ते हुडकायचं आणि वाट मोकळी करायची, असा तो अभ्यास. सरांनी सांगितलं, एखादी खरी रांग निवडा आणि ती लहान करून दाखवा. धम्मप्रियाने जयंतीच्या जेवणाची रांग निवडली. गेल्या वर्षी त्या रांगेत आजोबा गुणवंत गुडघे धरून उभे होते. ताट हातात येईस्तोवर त्यांचं तोंड पार सुकून गेलं होतं. ते तिला सलत होतं.

तिने बेत केला. म्हाताऱ्या माणसांना वेगळी रांग. हॉलच्या मागच्या दाराने थेट किचनपाशी यायचं, ताट घ्यायचं, बसायचं.

"एक्सप्रेस लेन, डॅड. ग्रोसरी स्टोअरमध्ये असते ना, तशीच," ती म्हणाली.

कपिल जयंती भरवणाऱ्या मंडळाचा सेक्रेटरी. तो म्हणाला, "कर बाई काय करायचं ते. चारला हॉल रिकामा झाला नाही, तर पुढची जयंती पार्किंग लॉटमध्ये करावी लागेल."

चौदा तारीख सोमवारी येत होती, म्हणून शनिवारीच सगळे गाडीने दोन तासांवरच्या मिसिसागाच्या हॉलमध्ये जमले. वंदना झाली, भाषणं झाली. जेवण सुरू झालं आणि पुढची रांग भराभर सरकायला लागली. धम्मप्रियाला पंख फुटल्यासारखं झालं. एवढं नीट पार पडलं की सोमवारी रिपोर्ट द्यायचा.

मग तिने मागच्या दाराकडे पाहिलं. तिथं बुटांचा ढीग, ओले कोट आणि भिंतीवर बाण काढलेला कागद. म्हातारी माणसं बाहेरच घोटाळत होती. गुणवंत भिंतीला टेकून उभे होते.

"आजोबा, आत या ना!"

"भूक नाही मले."

"सकाळपासून नुसता चहा झालाय तुमचा. प्लीज! इट्स फॉर यू."

"माह्यासाठी हाय? मंग समोरून दे."

"समोर खूप उभं राहावं लागेल."

"राहीन."

ती चिडली. एवढं ज्यांच्यासाठी केलं, तेच हटून बसलेले. तेवढ्यात आजी कमलाबाईने तिला दंडाला धरून बाजूला घेतलं.

"पोरी, तुले कोणी सांगतलं नाही. गावात पाटलाच्या घरी लगन असलं का आपल्या लोकाईले मागच्या दारी बसवत, गोठ्यापाशी. समोरचे उठले का मंग वाढत. हे तवा लहान होते. एक डाव उठून आले ते आलेच. विमानात मागची सीट भेटली तवाबी तोंड वाकडं करून बसले होते, माय."

धम्मप्रियाने भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं. बाण तिनेच काढला होता, तोही जाड मार्करने.

तिने कागद टरकावला. मागचं दार लावून घेतलं आणि तिथलं टेबल ओढत समोर नेलं.

कपिल धावत आला. "अगं, रांग दारापर्यंत गेली! तुझा प्रोजेक्ट?"

"लेट इट बी स्लो, डॅड."

गुणवंत रांगेच्या शेवटाला जाऊन उभे राहिले. तिने खुर्ची आणली, तर म्हणाले, "खुर्चीवर बसला तो लाईनीत कसा?" मग तिनेच खांदा पुढे केला. आजोबांचा हात जड होता.

"सॉरी आजोबा. मला माहीत नव्हतं."

"तुले कसं माहीत असंन? म्या सांगतलंच नाही. सांगायसारखं हाय का ते?"

पुढचा एकजण मागे वळून म्हणाला, "काका, आमच्यापुढं या."

"काहून? तू का उपाशी नाही?"

लोक हसले. रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती. शेवटी गुणवंतांच्या ताटात भात पडला, वरण पडलं, वांग्याची भाजी पडली. ते उभ्यानेच एक घास जेवले आणि म्हणाले, "भाजी झणझणीत हाय. अजून पाहिजे असंन त पुन्हा लाईन लागंन का?"

"लागेल," धम्मप्रिया म्हणाली.

"मंग लावतो."

हॉल चारला रिकामा झाला नाही. कपिलला बरंच ऐकून घ्यावं लागलं, आणि तो हॉल मंडळाला पुन्हा मिळाला नाही. रिपोर्टमध्ये धम्मप्रियाने खरं ते लिहिलं, की रांग आधीपेक्षा लांबली. सरांनी केबिनमध्ये बोलावून विचारलं, चालू असलेली योजना मध्येच का मोडली? ती म्हणाली, "मी माझ्या आजोबांना मागच्या दाराने बोलावलं होतं." पुढचं सांगायला तिला इंग्रजीत शब्द सापडेनात. मार्क बेताचेच पडले.

गुणवंत त्याच वर्षी नऊ नोव्हेंबरला, रविवारी सकाळी, लंडनच्या हॉस्पिटलात वारले.