गाठीचं शेपूट

"हे सांगितलं तर कुणाला पटायचं नाही," म्हातारा म्हणाला आणि त्याने दोराचा पहिला वेढा व्हरांड्याच्या खांबाभोवती घेतला. "अख्खा कारखाना तरंगत निघाला होता. छपरासकट."

"बाबा," स्टुलावर उभ्या असलेल्या लेकीने दोराचं दुसरं टोक धरूनच दम भरला. "बाईंनी काय सांगितलंय?"

"बाई गुरुवारी येणार. आज मंगळवार."

"म्हणजे मंगळवारी खोटं बोललेलं चालतं?"

"हळू आवाजात चालतं."

पण आवाज काही हळू नव्हता. तो चांगला चढवलेला होता, आणि त्याचा रोख लेकीकडे नव्हताच. व्हरांड्याच्या कोपऱ्यात, वेताच्या खुर्चीत म्हातारी बसली होती. गुडघ्यांवर शाल. उजवा हात मांडीवर, दुसऱ्या कुणीतरी तिथे विसरून गेल्यासारखा. डावा खुर्चीच्या हातावर. नजर समोरच्या भिंतीवर. भिंतीवर बघण्यासारखं काही नव्हतं.

चार महिन्यांपूर्वी एका सकाळी तिच्या हातून कप पडला होता, आणि तो उचलायला वाकलेल्या म्हाताऱ्याला तिच्या तोंडून काहीच ऐकू आलं नव्हतं. एरवी कप फुटला की पहिला दोष त्यालाच मिळे. त्या दिवसापासून तिचं सगळं बोलणं डाव्या तळव्यात आलं होतं. खुर्चीच्या हातावर एक थाप म्हणजे हो, दोन थापा म्हणजे नाही. "जन्मभर थापा मी मारल्या, आता मारायची पाळी हिच्यावर आली," असं म्हातारा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. लोक हसत. मग तो उठून उगाचच नळ बंद आहे की नाही ते बघून येई.

बोलणं शिकवायला येणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी त्याला तीन गोष्टी बजावल्या होत्या. यांच्याशी थोडकं बोला, साधं बोला आणि खरं बोला. पहिल्या दोन त्याने कशाबशा सांभाळल्या. तिसरीपायी त्याचं वजन चार किलोंनी उतरलं. हा पेला. ही खिडकी. आज सोमवार, बाहेर ऊन आहे. गल्लीत ज्याला सगळे थापाड्या म्हणत, त्याचं पार कॅलेंडर होऊन गेलं होतं.

आणि तरी शब्द फुटला नव्हता. गेल्या गुरुवारी बाईंनी पिशवीतून एक पाटी काढून दाखवली. पाटीवर चोवीस चित्रं होती: पेला, उशी, दिवा, संडास, पोटात दुखणारा माणूस, थंडीने कुडकुडणारा माणूस. या आठवड्यातही एखादा शब्द आला नाही तर बोलण्याचे धडे थांबवायचे आणि पाटीवर बोट ठेवायची सवय लावायची, असं त्यांनी हळुवारपणे सांगितलं. म्हाताऱ्याने पाटी दोनदा वरपासून खालपर्यंत पाहिली.

"यात 'थाप'चं चित्र कुठंय?"

बाईंना वाटलं, हाताची थाप. "ती तर त्यांना येतेच की," त्या म्हणाल्या.

त्याने पुढे समजावलं नाही. समजावणार तरी काय? की बेचाळीस वर्षं या घरात त्याची प्रत्येक गोष्ट त्या एका शब्दावर संपत आली होती? तो रंगात येई, हत्ती उडवी, जहाजं खिशात घाली, आणि स्वयंपाकघरातून, मोरीतून, अगदी अंथरुणातूनसुद्धा म्हातारीचा शब्द येई: "थाप!" मग गोष्ट संपे. ती कधी कुठे संपवायची हे त्याला स्वतःला कळतच नसे.

"दोर इकडे दे," तो आता लेकीला म्हणाला. "नीट बघ. खांबाला पूर्ण दोन वेढे. ओझं हे वेढे झेलतात, गाठ नाही. गाठीने फक्त वेढे पळून जात नाहीत ना एवढ्यावर लक्ष ठेवायचं."

"वॉचमनसारखं."

"वॉचमन झोपतो. मग दोन अर्ध्या गाठी, एकीमागे एक, दोन्ही एकाच दिशेने. दिशा बदललीस की माणूस खाली. आता तू बांध."

लेक शाळेत गणित शिकवायची. तिने सकाळी दप्तरातून कोनमापक आणून दोर आडव्या रेषेपासून तीस अंशांत उतरायला हवा असा हिशेब आधीच केला होता. फार ताणून बांधला तर खांबावरची ओढ किती पटींनी वाढते तेही तिने बापाला कागदावर दाखवलं होतं. आईनेच पूर्वी विणलेली झोळी टांगायची होती; तिचा तळ खुर्चीएवढ्या उंचीवर यायला हवा, म्हणजे आईला आधी बसवता येईल आणि मग पाय उचलता येतील. सगळं तिच्या डोक्यात पक्कं होतं. बोटांना मात्र सवय एकच.

"ही काय बुटाची नाडी आहे?" म्हातारा म्हणाला. "ही सुरगाठ. एक टोक ओढलं की मोकळी. ओढ बघू."

तिने ओढली. दोर तिच्या पायांवर पडला.

"आई यात झोपणार आहे, बाबा."

"म्हणूनच तर तुला शिकवतोय. माझी बोटं आता तासाभराने आखडतात. उद्या कुणी सैल झालीय का बघणारं हवं ना."

दुसऱ्या खेपेला तिला जमली. म्हाताऱ्याने गाठ अंगठ्याने दाबली, ओढली, तिच्यावर लोंबकळल्यासारखं केलं.

"शेपूट वीतभर सोडलंस ते बरं केलंस. आखूड शेपूट आतल्या आत निसटतं. आणि हे बघ, कुठल्या बाजूला आलं? उजवीकडे. माझंही उजवीकडेच येतं. उजव्या हाताच्या माणसाचं तिकडेच येणार." त्याने मान कोपऱ्याकडे वळवली आणि आवाज पुन्हा चढवला. "हिचं डावीकडे! कारखान्यात चाळीस बायका जाळी विणायच्या, त्यात डावखुरी ही एकटी. मुकादम नुसतं शेपूट बघून सांगायचा, हे जाळं कुणाच्या हातचं. ही झोळीसुद्धा बघ. एकूण एक गाठ डावीकडे बघतेय. होय की नाही गं?"

खुर्चीच्या हातावर एक थाप पडली.

"आता वजन टाकून बघू," लेक म्हणाली. "कुंड्यांच्या मातीची दोन पोती खालच्या खोलीत आहेत. आईपेक्षा थोडी जडच भरतील. किल्ली आणते."

किल्ल्या दाराशेजारच्या खिळ्याला असत, एका जुन्या, काळपट दोराच्या फासात अडकवलेल्या. हा फास घरात सगळ्यांच्या ओळखीचा होता. म्हाताऱ्याचा कारखाना ज्या पुरात तरंगला, त्या दिवशीची गाठ ती हीच. पाण्याने भिजून इतकी आवळली होती की शेवटी दोर कापावा लागला, आणि म्हातारीने, तेव्हा ती म्हातारी नव्हती, तो तुकडा गाठीसकट उचलून घरी आणला. पुरावा म्हणून. तिच्या म्हणण्याप्रमाणे कारखाना-बिरखाना काही हलला नव्हता. जाळ्यांनी भरलेली एक नाव होती. ती खांबाला बांधणाऱ्या हमालाची सुरगाठ सुटत आली होती, ते खिडकीतून हिला दिसलं, आणि गुडघाभर पाण्यात उतरून पक्की गाठ हिने घातली. पुढे हमालाशी लग्न केलं ते निव्वळ कीव आली म्हणून. लेक हेच ऐकत मोठी झाली होती आणि तिला आईचंच खरं वाटत आलं होतं. दोन उत्तरांतलं जे लहान, ते बहुतेक वेळा बरोबर निघतं.

किल्ली काढताना तिचा हात थांबला.

तिने फास खिळ्यावरून काढला. बाबांनी नुकतंच दाखवलं होतं तसा, वेढे पलीकडे आणि गाठ आपल्याकडे, असा धरला. गाठीचं शेपूट उजवीकडे होतं. तिने डोळे मिटून उघडले, पुन्हा पाहिलं. उजवीकडेच.

"किल्ली आणतेयस की घडवतेयस?" बाहेरून आवाज आला.

"आले, आले."

पोती आणली, झोळीत टाकली. दोर करकरला आणि गप्प झाला. गाठी बोटभरसुद्धा सरकल्या नाहीत. मग लेक स्वतः बसली, हळूहळू पाय वर घेतले, चार झोके घेतले. तेवढ्या वेळात म्हाताऱ्याने गोष्ट पुन्हा उचलली होती.

"तर कारखाना निघाला. आत चाळीस बायका, आणि एकीला पत्ता नाही. हात चाललेत. फक्त मुकादम कुरकुरतोय, की आज खिडकीतून रोजचं पिंपाचं दुकान का दिसत नाही? मी काठावर. माझ्या हातात हा असा दोर. मी काय केलं, कारखान्याच्या दाराची कडी धरली, दोर ओवला, आणि दुसरं टोक नेऊन पाण्यातल्या खांबाला. वेढे दोन. कारखाना म्हणतो जातो, मी म्हणतो राहा. ताणून ताणून दोराची पार वीणेची तार झाली. त्यावर एक बगळा येऊन बसला, तर सूर लागला!"

लेकीला हसू आवरलं नाही. तिने चोरून आईकडे पाहिलं. आई भिंतीकडे बघत होती.

"आणि अख्खा कारखाना ज्या गाठीवर थांबला," म्हातारा सावकाश म्हणाला, "ती गाठ बांधली कुणी?"

हा प्रश्न तो दर वेळी विचारी. यानंतर एक जागा मोकळी सोडलेली असे.

"मी," तो म्हणाला, आणि थांबला.

बेचाळीस वर्षांत ती जागा एकदाही रिकामी राहिली नव्हती. पाहुण्यांसमोर नाही, भांडणात नाही, लेकीच्या लग्नाच्या गडबडीत नाही. त्याने खांबावरचा हात काढला नाही. शेजारच्या घरात कुणीतरी भांडी लावत होतं. एकावर एक, एकावर एक. तेही थांबलं. खुर्चीच्या हातावरचा हात जागचा हलला नाही. एकही थाप नाही. दोन तर नाहीतच.

लेकीच्याने बघवेना. "था..." तिने तोंड उघडलं.

"तू नको," म्हातारा पटकन म्हणाला. "तो शब्द तुझा नाही."

मग दोघांनी मिळून म्हातारीला उठवलं. एक, दोन, आणि तिनाला झोळीच्या काठावर बसवलं. लेकीने पाठीला हात दिला, म्हाताऱ्याने पाय उचलून आत घेतले, उजवा हात शालीखाली नीट ठेवला. झोळीने तिला सामावून घेतलं. तिच्याच हातच्या डावीकडे बघणाऱ्या शेकडो गाठी तिच्या अंगाबरोबर वाकल्या. आता समोर भिंत नव्हती. फाटक होतं, फाटकापलीकडे रस्ता, रस्त्यावर सायकल हातात धरून चालत जाणारा कुणी.

तिने रस्त्याकडे पाहिलं. मग मान मागे टाकून, डोक्याच्या वरच्या खांबाकडे. वेढे दोन. अर्ध्या गाठी दोन. ती बराच वेळ बघत राहिली, मुकादम बघायचा तशी.

"पास?" म्हाताऱ्याने विचारलं.

खुर्ची आता हाताशी नव्हती. तिने झोळीच्या काठावर बोटं आपटली. एकदा.

तो खाली स्टुलावर बसला. आखडलेली बोटं एकेक करून सरळ करत राहिला. लेक मागे उभी होती. किल्ल्यांचा फास अजून तिच्याच हातात होता.

"ऐक," म्हातारा म्हणाला, आणि आता आवाज खरोखरच हळू होता. "गुरुवारी बाई ती पाटी आणतील. त्याच्या आधी एकदा खरं सांगून टाकतो, म्हणजे तुला कुठलं चित्र शोधत बसायला नको. माझी गाठ सुटली होती. सुरगाठच होती ती, शेंबड्या पोरासारखी. खाली उतरून बांधलीस ती तू. मी आपला इतकी वर्षं उगीच मिरवत आलो. तुझी होती ती गाठ. झालं? जिंकलीस तू."

झोळी जराशी झुलली आणि थांबली. लेकीने हातातल्या फासाकडे पाहिलं, मग बापाच्या वाकलेल्या पाठीकडे. तो वर बघत नव्हता.

म्हातारीचा डावा हात उचलला गेला. एक थाप की दोन, लेक मोजायला तयार झाली. पण हात काठावर उतरलाच नाही. तो हवेत अडखळला, वळला, लेकीच्या मनगटापाशी आला. किल्ल्या वाजल्या. एक बोट जुन्या दोराच्या फासावरून चाचपडत पुढे सरकलं आणि गाठीच्या शेपटावर, उजवीकडे, येऊन टेकलं.

म्हाताऱ्याने मान वर केली.

तिचे ओठ उघडले. आधी नुसताच श्वास आला. मग जीभ दातांमागे जाऊन अडली, सुटली, पुन्हा अडली. कपाळावर आठी चढली. कप फुटल्यावर चढायची तीच.

"थाप," म्हातारी म्हणाली.