पाच हजार चार

२८ फेब्रुवारी २०११, सोमवार. सायंकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी ऊसतोडीहून परतलेले दोन ट्रक माझ्यासमोर थांबले. त्यांतून त्र्याहत्तर माणसे उतरली.

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी फलक आहे. उमरखेड तालुक्यात पैनगंगेच्या काठी भांबरखेड नावाचे मोठे गाव आहे. ढाणकीचा रस्ता गावात शिरतो तिथे, बस थांब्याला लागून मी उभा आहे. माझ्या अंगावर तीन ओळी आहेत: गावाचे नाव, नदीचे नाव आणि लोकसंख्या. पहिल्या दोन ओळी कधी बदलल्या नाहीत.

१९७४ साली ढाणकीच्या एका लोहाराने मला ठोकून सरळ केले. तेव्हा नदीवर पूल नव्हता. पलीकडच्या मराठवाड्यातून माणसे नावेने येत आणि कापसाचे काम बघून इथेच राहत. माझ्यावर अक्षरे लिहिणारे जहीर पेंटर यांचे आजोबा असेच नावेतून आलेले पिंजारी होते.

माझ्यावर पहिला आकडा चढला तो ३,२६४. पुढे ३,९१८ झाला, मग ४,५०७. बसमधले प्रवासी मान वळवून मला वाचत. २००१ चा आकडा ४,८७१ होता. त्यानंतर कापसाने दगा दिला. नाल्यापलीकडच्या तांड्यातली माणसे दिवाळी झाली की ऊस तोडायला जाऊ लागली आणि होळीला परतू लागली. माझ्याकडे कोणी बघेना. पोरांनी नेम धरून दगड मारले, लग्नाच्या जाहिराती नदीच्या नावावर चिकटल्या.

२००६ च्या पावसाळ्यात पैनगंगेचे पाणी नाल्यात चढले आणि ढाणकीचा रस्ता बंद झाला. तांड्यातल्या मैनाबाईंची सून लालीबाई माझ्यासमोर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बाळंत झाली. बाळ राहिले नाही. गावात उपकेंद्र आणि नर्सबाई असावी, ही मैनाबाईंची मागणी तेव्हापासूनची. उत्तर दर वेळी तेच मिळाले: पाच हजार लोकसंख्या लागते.

म्हणून २०११ च्या जनगणनेला महत्त्व आले. मोजणी करणाऱ्या इंदुताई गावच्याच शाळेत शिक्षिका होत्या. आदल्या वर्षी घरांची यादी करताना त्यांनी प्रत्येक भिंतीवर गेरूने घरक्रमांक लिहिला होता. फेब्रुवारीत त्या तांड्यात गेल्या, तर भिंती कोऱ्या. ऊसतोडीला जाताना सगळे आपल्या घराची किल्ली मैनाबाईंकडे ठेवतात. होळीला येणाऱ्यांना घर चांगले दिसावे म्हणून त्यांनी बंद घरांच्या भिंतीही सारवून टाकल्या होत्या.

त्या दिवशी इंदुताई आणि मैनाबाई माझ्याखालीच बसची वाट बघत होत्या.

"मावशी, माझे सगळे आकडे खाल्ले तुम्ही!"

"मले काय माहीत, बाई? शेणमातीखाली आकडा बी जाते म्हणून."

"आता कोणतं घर कोणाचं, कसं समजावं?"

मैनाबाईंनी कमरेची दोरी सोडली. तिच्यात अडतीस किल्ल्या होत्या. "या टोकापासून धर. जशी घरं, तशा किल्ल्या. ही भीमसिंगची, ही किसनसिंगची..."

इंदुताईंनी यादी जुळवून घेतली. पण कुलूपबंद घरातली माणसे लिहिता येत नव्हती.

सव्वीस तारखेला गावाचा आकडा ४,९३१ वर थांबला. एकोणसत्तर कमी. सरपंच भगवानराव म्हणाले, "बाई, लिहून टाका ना. माणसं तर आपलीच हायेत."

"आपलीच आहेत, पण गावात नाहीत, भाऊ. अठ्ठावीस तारखेपर्यंत जो येईल, त्याला लिहीन. न आलेला माणूस लिहिणार नाही."

"लय कडक हाय बाई तुमी!"

मैनाबाईंनी थांब्यावरच्या एकाचा मोबाइल मागून मुलाला, म्हणजे भीमसिंगला, फोन लावला. त्याच्या कारखान्याचा हंगाम त्याच आठवड्यात संपला होता आणि होळीपर्यंत दुसरे काम बघू, असा टोळीचा विचार होता. "काम मंग पाह्य," त्या म्हणाल्या. "सोमवारपर्यंत घरी या. सगळे या."

म्हणून ते दोन ट्रक आले. इंदुताई माझ्या खांबाला पाठ टेकून लिहायला बसल्या. प्रत्येकाला पहिला प्रश्न एकच होता. "तिकडं कोणी नाव लिहून नेलं का?"

भीमसिंग हसला. "फडात कोन येते, बाई? आमच्या पाचटाच्या कोप्यायले दारच नाही. आकडा कायले लिहितीन?"

लालीबाईच्या कुशीत आठ दिवसांची मुलगी होती. ती उसाच्या फडात जन्मली होती.

"नाव काय हिचं?"

"ठेवलंच नाही अजून."

"नाव मागून ठेवा. माणूस म्हणून आज लिहिते," इंदुताई म्हणाल्या.

किसनसिंगची टोळी होळीलाच आली. त्यांची नावे लागली नाहीत. तरीही बेरीज पाच हजार चार झाली.

हा आकडा जहीरभाईंनी माझ्यावर लिहिला तेव्हा मैनाबाई खाली उभ्या राहून म्हणाल्या, "जाड लिही, भाऊ. पावसानं पुसला नाही पाह्यजे."

"शेणमाती नका लावू म्हणजे झालं, मावशी!" जहीरभाई वरूनच ओरडले.

मित्रांनो, माझ्यासारखे फलक तुमच्याही गावाबाहेर उभे असतील. त्यांच्यावर दगड मारू नका, कागद चिकटवू नका. त्या आकड्यात मोजलेले एकेक माणूस असते. माझ्यातले शेवटचे माणूस आता दुसरीत शिकते. तिचे नाव खुशी आहे.

उपकेंद्र मंजूर झाले. इमारत गेल्या पावसाळ्याआधी पूर्ण झाली. नर्सबाईंची नेमणूक झाल्याचे पत्र ग्रामपंचायतीत आले आहे. त्या येईपर्यंत इमारतीला कुलूप आहे आणि बंद घराची किल्ली जिथे राहते तिथेच, मैनाबाईंच्या दोरीत, त्याचीही आहे.

आज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी ढाणकीची बस आली. मैनाबाई किल्ली घेऊन माझ्याखाली उभ्या होत्या. चार माणसे उतरली, चारही गावचीच. पुढची बस साडेअकराला आहे. मैनाबाई अजून इथेच आहेत.